शहाऐंशी कोऱ्या प्लेट्स

उगवले होते! द्वारकाने प्लेट ट्यूबलाइटखाली धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली. सायीसारखा दाट थर. चार महिन्यांत पहिल्यांदा तिच्या हातचे जंतू जगले होते, आणि जंतू जगले म्हणून ही पोरगी रडायच्या बेतात आली होती.

काय काय सोसलं होतं तिने! तिचे जंतू साधेसुधे नव्हते. दिल्लीतल्या एका मोठ्या हॉस्पिटलातून, रुग्णांच्या जखमांतून आणलेले, कुठल्याच औषधाला भीक न घालणारे. ते आधी वाढवायचे आणि मग त्यांचा अभ्यास करायचा, एवढं तिचं काम. पण प्लेट इन्क्युबेटरच्या उबेत ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी कोरी करकरीत निघावी. एक नाही, दोन नाही, शहाऐंशी! तिच्या गाइड सुनीती मॅडम, मूळच्या पुण्याच्या. त्यांनी त्या कोऱ्या प्लेट्स फेकूसुद्धा दिल्या नाहीत. "राहू देत फ्रिजमध्ये. कमिटीला दाखवायला लागतील," म्हणाल्या. वर सगळ्यांसमोर सुनावलं, "द्वारका, तुझ्या हाताला गुणच नाही गं. तू लावलंस तर विरजणसुद्धा लागायचं नाही." एवढ्या शिकलेल्या बाई, आणि हातगुण काढतात! पण लॅबमध्ये सगळे फिदीफिदी हसले. शेजारच्या टेबलावरचा सिद्धांत तर तेव्हापासून ती जवळून गेली तरी आपली प्लेट झाकायचा. "यार, नजर मत लगा," म्हणायचा.

विरजणाचं ते बोलणं तिच्या जिव्हारी लागलं. मयूर विहारच्या खोलीवर जाऊन तिने मुद्दाम वाटीभर दुधाला विरजण लावलं. दही असं लागलं, की सुरीने वड्या पाडाव्यात. मग हात वाईट कसा? तशीच दुसरी वाटी तिने लॅबच्या इन्क्युबेटरमध्ये आपल्या प्लेट्सशेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी बघते तर दूध ते दूधच. आणि त्याला ओव्याचा भपकारा.

ओवा होता वरच्या फळीवर. मॅडमचं स्वतःचं इन्क्युबेटर चार महिन्यांपूर्वी बिघडलं होतं, तेव्हापासून त्यांचा ओव्याच्या तेलाचा ट्रे द्वारकाच्या प्लेट्सच्या डोक्यावर येऊन बसला होता. त्या तेलावर मॅडमचा भारी जीव. त्यात थायमॉल किती, सायमीन किती, सगळी टक्केवारी काढून झाली होती. पण पेपर दोनदा परत आला होता. ओव्याचं तेल लावलं की जंतू मरतात, यात नवीन ते काय, असं परीक्षकांनी विचारलं होतं. द्वारकाने शनिवारी तो ट्रे बाहेर काढून ठेवला. आज सोमवार, आणि ही प्लेट.

चार वाजता कमिटी होती. फेलोशिप वाढणार, की पीएचडीच्या चार वर्षांवर पाणी सोडून तिने घरी जायचं, ते मॅडमच्या एका पत्रावर ठरणार होतं. तिकडे ग्वाल्हेरला खंडेराव, म्हणजे तिचे बाबा, 'आमची द्वारका डॉक्टर होतेय' म्हणून अख्ख्या गल्लीला सांगून बसले होते. ती धावतच केबिनमध्ये शिरली.

"मॅडम, माझा हात नाही, वाफ! तुमच्या तेलाची वाफ!" तिने एका दमात सगळं सांगितलं. दही, ट्रे, काही म्हणून लपवलं नाही.

मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे तेल त्या जंतूंना लागलंच नाही?"

"नाही ना! नुसत्या वाफेने मेले. ज्यांना हॉस्पिटलची औषधं मारू शकत नाहीत ते, मॅडम. शहाऐंशी वेळा!"

मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. मग हसल्या. "हुशार आहेस गं. कुणाला सांगितलंस हे?"

"कुणालाच नाही. आधी तुमच्याकडेच आले."

"अच्छा किया," मॅडम म्हणाल्या.

चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिला हुशार म्हटलं होतं. मॅडमनी समोरचं पत्र ओढलं, खाली दोन ओळी लिहिल्या आणि सही केली. सुटले बाई एकदाची, असं तिला वाटलं. मग पत्र तिच्याकडे सरकलं. 'मुदतवाढीची शिफारस करता येत नाही' हे आधीच छापलेलं होतं. त्याखालची शाई अजून ओली होती. इन्क्युबेटरमध्ये खाण्याची वस्तू ठेवली. परवानगीशिवाय दुसऱ्याचे नमुने हलवले.

"मॅडम, हे काय..."

"जिथे रुग्णांचे जंतू असतात तिथे दुधाची वाटी ठेवतेस? उद्या काही झालं असतं म्हणजे? नियम माझ्यासाठी आहेत तसे तुझ्यासाठीही आहेत, द्वारका."

"चुकलंच माझं. पण त्या कोऱ्या प्लेट्स तरी कमिटीला दाखवा ना! तुम्हीच म्हणाला होतात. आता त्या बघून त्यांना कळेल, की..."

"छे, त्या कशाला कमिटीला?" मॅडम उठल्या. कपाटातून कापूस आणि स्पिरिटची बाटली काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवली. आवाज अगदी आईसारखा मऊ होता.

"जायच्या आधी एवढं कर. सगळ्या प्लेट्सवरचं तुझं नाव नीट पुसून ठेव. तारखा मात्र राहू देत."