बाबांची खूण

"कोणातरी एकालाच सांगतेयस, असं समजून लिही," मी आईला म्हणाले आणि लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. "परिच्छेद छोटे ठेव. शब्द अडला तर थांबू नकोस, पुढे जा."

बाबा गेल्यापासून आई फारसं बोलत नव्हती. तिनं पुस्तकांवर लिहावं म्हणून ब्लॉग मीच सुरू करून दिला होता. आम्ही तिघं एकच कादंबरी एकाच वेळी वाचायचो, पानात घातलेली प्रत्येकाची खूण वेगळी. जेवताना त्या कादंबरीवरच गप्पा. नियम एकच: जो सर्वांत मागे असेल, त्याच्या खुणेपुढचं काही बोलायचं नाही. मागे नेहमी बाबाच असायचे. शेवटच्या कादंबरीतही त्यांची खूण, गोळ्यांच्या पाकिटाचा तुकडा, अजून मध्येच होती.

आई त्याच कादंबरीवर लिहीत बसली. भाजीवाला येऊन गेला, कुकर गार झाला. तिनं मान वर केली नाही.

मी वाचलं. छान लिहिलं होतं, पण अर्ध्या गोष्टीवरच थांबलं होतं.

"आई, तुझी तर वाचून झालीय ना? मग पुढचं?"

"एकालाच सांग म्हणालीस ना," आई लॅपटॉप मिटत म्हणाली. "ते अजून तिथवर आले नाहीत."