रेणूच्या चपला

"मी कुंदामावशी. कोर्टाकडून तुझ्या सोबतीला असते," कुंदाताईंनी रेणूला ओळख करून दिली. चौथ्यांदा. आवाजात नवेपणा आणायचाही आता त्यांना कंटाळा आला होता.

सांभाळणारं घर सुटलं की बालन्यायालय मुलाच्या मनातून ते घर पुसून टाकी. लेकराला दुखायला काही उरू नये, म्हणून. त्या घराबरोबर कुंदाताईही पुसल्या जात. त्यांच्यासारख्या स्वयंसेविकेच्या आठवणी मात्र कुणी पुसत नसे.

नव्या घराचं दार हेमलताबाईंनी उघडलं. "ये गं बाळा. चपला बाहेरच काढ हं."

रेणूने चपला काढल्या, उचलल्या आणि छातीशी धरून आत आली. सोफ्याच्या कडेला टेकली, चपला मांडीवर घेऊन.

"अगं, ठेव की बाहेर. कोण नेतंय?"

"असू देत," रेणू म्हणाली. "लगेच निघावं लागलं तर?"

"असं का वाटतं तुला?"

रेणूने आठवून पाहिलं. "माहीत नाही."

कुंदाताईंच्या मनगटावरच्या कोर्टाच्या यंत्राने नेहमीचा प्रश्न विचारला, "मुलीत जुन्या घराची काही खूण उरली आहे का?"

हो म्हटलं असतं, तर कोर्टाने तिला आणखी खोल पुसलं असतं.

"काही नाही," त्या म्हणाल्या.

मग गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, दाराबाहेरच्या आपल्या चपला उचलून आणल्या आणि मांडीवर घेऊन रेणूशेजारी बसल्या.