दाराला शिकवलेली चाल

गुडघा बदलून कुमुदताई घरी परतल्या, पण दारानं त्यांना ओळखलं नाही. ते माणसाच्या चालीवरून उघडायचं आणि त्यांची चाल आता बदलली होती. त्यांना वॉकर धरून दाराबाहेर ताटकळताना पाहून शेजारची शैलजा बाहेर आली.

"तू चालून बघ गं," कुमुदताई म्हणाल्या.

शेजारी किल्ली ठेवावी, तशी कुमुदताईंनी पूर्वी शैलजाची चाल दाराला शिकवली होती. पण शैलजा आपला कचऱ्याचा डबा त्यांच्या दारापाशी ठेवते, यावरून भांडण झालं आणि तीन वर्षं दोघींचं बोलणं बंद होतं.

"माझी चाल तुम्ही केव्हाच पुसली असेल."

"आधी पाऊल तर टाक."

शैलजा चार पावलं चालली. दार उघडलं.

"भांडण वेगळं, किल्ली वेगळी," आत शिरताना कुमुदताई म्हणाल्या, "आणि तो डबा उचल."