पानकिडा

साहेब जिना चढत होते आणि अबोलीचे गुडघे बाकात मावत नव्हते.

"तिरकी बस गं," वसुधाबाई पुटपुटल्या. "आणि विचारलं तर कितवी?"

"तिसरी. माहितीये बाई."

माहिती असणारच. अबोली मूळची सहावीतली, तीही भांडुपच्या शाळेतली. मुलुंडच्या या मराठी शाळेत तिसरीची सगळी मुलं एका रिक्षात मावतील, इतकीच उरली होती. आज बाक रिकामे दिसले, तर वर्ग बंद आणि वसुधाबाई घरी. म्हणून तपासणी आली की संस्थेच्या शाळा एकमेकींना मुलं देत, शेजारणीने विरजण द्यावं तशी. मुलं येत, बसत, वडापाव खाऊन परत जात. त्यांची काही तक्रार नव्हती.

तपासणीचे नंदकिशोर साहेब आत आले. वर्ग उभा राहिला. अबोली तेवढी बसून राहिली. उभी राहिली असती तर बाईंच्या खांद्याला लागली असती.

फळ्यावर धडा होता : प्राणी कसे जगतात? उंटाची मदार, बदकाचे पाय. साहेबांनी फळा पाहिला, वर्ग पाहिला, मग अबोलीकडे पाहिलं.

"तू सांग बाळ. जगण्यासाठी लपून राहणारा एखादा प्राणी?"

"पानकिडा, सर. पानावर पान होऊन बसतो. कोणाला दिसतच नाही."

"आणि हलला तर?"

"वाट लागली त्याची. पक्षी खातो."

अबोली हलली नाही. वसुधाबाईही हलल्या नाहीत.

"शाब्बास! कितवीत गं तू?"

"तिसरीत, सर."

"वाटलंच," साहेब म्हणाले. मग 'वर्ग छान भरलाय' असा शेरा मारून त्यांनी सही केली आणि चहा घेतला. बिस्किटं दोनदा घेतली.

वर्ग वाचला. वसुधाबाई त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेल्या, तेव्हा पाय जरा हलके पडत होते. दोन पायऱ्या उतरून साहेब थांबले.

"बाई, या शाळा बंद पडल्या, तर मी तपासणार काय हो?"

बाई एक पायरी खाली उतरल्या.

"उद्या तुमच्या घाटकोपरच्या शाळेत येतोय," साहेब कठड्याला धरून म्हणाले. "तिथे त्या मुलीला दुसरा एखादा प्राणी द्या. पानकिडा मी परवा विक्रोळीलाही ऐकला."