काठमांडूप्रमाणे सहा

वाचनालयाच्या जुन्या संगणकावर मी पेनड्राइव्हवरून लिनक्स चढवत होते. इंटरनेट नव्हतं, त्यामुळे आपण कुठे आहोत हे संगणकाला कळेना. घड्याळ लावायला त्यानं शहर विचारलं. भारतासाठी यादीत एकच नाव होतं, कोलकाता.

संध्याकाळी सहाच्या आत मला कधीही न सोडणारे अध्यक्ष नाना केळुसकर मागेच उभे होते. ते भडकले.

"मुंबई नाही?"

"नाही."

"रत्नागिरी?"

"नाना, मुंबईच नाही तर रत्नागिरी कुठून असणार?"

"मग हे कोलकाता मला मान्य नाही. शेजारी काय आहे?"

"काठमांडू. पण ते नेपाळात."

"असू दे. पशुपतिनाथाचं दर्शन घेऊन आलोय मी. दाबा, बाई!"

नेपाळचं घड्याळ आपल्या पाव तास पुढे असतं, हे मी सांगणार होते. पण नानांनी पडद्याला हात जोडले होते. मी दाबलं.

आता इंटरनेट आलंय. घड्याळ एका क्लिकमध्ये सुधारेल, पण मी हात लावत नाही. सकाळी मी मनगटावरचं घड्याळ बघून येते. संध्याकाळी संगणकात सहा वाजले की नानांना दाखवते आणि निघते.