काकणभर सरस
सुट्टीत ओहायोतल्या गावी आलेले सिनेटर प्रेविट, जिथे वकिली गाजवली त्याच कोर्टात डोकावले. तरुण वकील ऑरिन एका विधवेच्या गाईसाठी भांडत होता. ज्यूरीतले शेतकरी डोळे पुसत होते. वॉशिंग्टनमध्ये प्रेविटांच्या भाषणांत लोक डुलक्या काढत. शेजारच्या लोहाराने कोपर मारलं, “वकीलसाहेब, तुमचीच गादी चालवतोय पोरगा! तुमच्याहून काकणभर सरसच.” प्रेविटांना अन्न गोड लागेना. शेवटी राष्ट्राध्यक्षांकडे शब्द टाकून त्यांनी ऑरिनला दूर डकोटात न्यायाधीशपदी धाडलं. “काय मोठं मन!” गाव म्हणालं. स्टेशनवर ऑरिनच्या आईने त्यांच्या हातात मुरंब्याची बरणी ठेवली. “लेकराचं सोनं केलंत, साहेब. नाताळाला येता येईल ना त्याला?” गाडी हलली, तसं सगळं गाव रुमाल फडकावत मागे धावलं. याच फलाटावरून प्रेविट दोनदा सिनेटर होऊन गेले होते. तेव्हा कुणीच धावलं नव्हतं.