शेवटच्या दुकानातलं पान

सातव्या दुकानात वाचून वाचून बसलेला तिचा आवाज आठव्या दुकानाच्या दारापर्यंत सुटला नव्हता.

मामा डिकीतून पुस्तकांचं खोकं उतरवत होता. "बोलू नकोस, चिमणे. नुसती मान हलव."

"तू गाडीचा काटा चाळीसच्या पुढे जाऊ दिला असतास, तर तासभर पडता आलं असतं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "चालत आले असते तरी एव्हाना पोचले असते."

"पोचलीस ना धड? बास." त्यानं खोकं पोटाशी धरलं. फूटपाथ ओला होता. "दार धर. दाजींचं पुस्तक भिजायला नको."

दुकान अरुंद होतं, पण आत लांबवर जाणारं. काचेवर तिच्या कादंबरीचं पोस्टर होतं, एक कोपरा सुटून आत वळलेला. दुकानवाल्या बाईंनी मुलांच्या पुस्तकांचं टेबल भिंतीला सरकवून बारा घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. चष्मा दोरीनं गळ्यात, बोटांना डिंक.

"येतील हो लोक," बाई म्हणाल्या. "मागच्या कवीला फक्त माझी बहीण होती. तीही झोपली."

मामा हसला. तिला हसताही येईना, घसा दुखत होता.

पहिल्या दुकानात उभं राहायला जागा नव्हती. त्यातले निम्मे नात्यातले. मग माणसं कमी कमी होत गेली. एका ठिकाणी तर पाऊस थांबेपर्यंत आडोशाला आलेल्या दोघांनी पूर्ण वाचन ऐकलं आणि पाऊस थांबल्यावर ते आभार मानून निघून गेले.

"एवढी वणवण कशाला करता?" बाईंनी गरम पाण्याचा पेला पुढे केला. "पहिलं पुस्तक. घरी बसून खपलं असतं तेवढंच खपणार."

"खपवायला नाही आले. मला एक माणूस हवाय."

कादंबरीतले मास्तर म्हणजे तिचे वडील, मामाचे दाजी. बावीस वर्षांपूर्वी, धुक्याच्या सकाळी, ते सायकलवरून शाळेत निघाले होते. कुठल्याशा गाडीनं उडवलं. दोन तासांनी दूधवाल्याला दिसले, तोवर सगळं संपलं होतं. गाडी कोणाची, कोणी पाहिलं, काही कळलं नाही. ती तेव्हा नऊ वर्षांची.

"आई शेवटपर्यंत एकच विचारत होती," ती म्हणाली. "कोणी मारलं, असं नाही. ते एकटेच होते का गं, एवढंच."

"आणि?"

"मला काय माहीत? पुस्तकात मी त्यांना एकटंच मरू दिलं. ज्यानं पाहिलं असेल, तो ते पान ऐकून कुठल्या तरी खुर्चीतून उठेल, असं वाटलं होतं. शिक्षा नको मला त्याला. नुसतं सांगू दे." तिनं पाण्याचा घोट घेतला. "हे शेवटचं दुकान. उरलेली पुस्तकं उद्या परत जाणार."

मामा खोक्याची सुतळी सोडत होता. गाठ त्याला सुटत नव्हती.

तिच्या वेण्या त्यानंच घातल्या होत्या, वाकड्यातिकड्या. आई अंथरुणाला खिळली तेव्हा भात, औषधं, शाळेचे बूट, सगळं त्याच्याच गळ्यात. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, मला कोण देतंय मुलगी, दोन बायका आधीच घरात आहेत. आता आठ गावं तिला घेऊन फिरला. फक्त ते पान आलं की उठायचा. गाडी नीट लावली का बघून येतो, म्हणायचा. ती समजून होती. त्याला ते ऐकवत नसे.

सातजण आले. ती उभी राहिली. दोन वाक्यं झाली आणि तिसऱ्याला नुसता वारा बाहेर पडला. तिनं पुन्हा प्रयत्न केला. मग पुस्तक मामासमोर धरलं.

"मी?" मामानं खिसे चाचपले. "चष्मा गाडीत राहिलाय."

"घ्या माझा," बाईंनी दोरी मानेतून काढली. "या वयात सगळ्यांचा नंबर एकच."

लोक हसले. मामा हसला नाही. "चिमणे, नको गं."

"मामा," तिचे नुसते ओठ हलले, "शेवटचंच आहे."

तो उठला. शाळकरी पोरासारखं ओळीखाली बोट धरून वाचू लागला. अडखळला, पुन्हा मागे गेला. मग हळूहळू त्याला लय सापडली. तिनं दुसरी प्रत उघडली आणि त्याच्या मागोमाग मनात वाचत राहिली.

"'धुक्याच्या पोटात रस्ता होता, रस्त्याच्या पोटात मास्तर. घंटी वाजवली तर धुकं बाजूला होईल, असं त्यांना लहानपणापासून वाटायचं. त्यांनी घंटी वाजवली. धुकं बाजूला झालं नाही.'"

मामाचं बोट ओळीवरून निसटलं होतं. नजर पानावर नव्हती, समोरच्या काचेवर होती.

"'चाक फिरत राहिलं. दप्तरातले खडू रस्त्यावर सांडले. हाक मारावी असं कोणी जवळ नव्हतं. मास्तर वर पाहत राहिले. वर काहीच नव्हतं.'"

प्रकरण तिथं संपत होतं. तिनं आपली प्रत मिटली. खुर्च्या हळूच करकरल्या, कोणी टाळीसाठी हात उचलले. कोणीही उठलं नव्हतं. आठ दुकानं झाली होती.

मामा वाचतच होता.

"'धुक्यात ते मला दिसलेच नाहीत. मी गाडीतून उतरलो. सायकल कडेला केली. त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. दाजींनी मला ओळखलं. म्हणाले, तू जा. त्या दोघींना कोणीतरी उरायला हवं.'"